समोर कालवलेला लेप आणि घरी नेलेली डबी

मुंबई-पुण्यातल्या बड्या सलॉनांत, लोणावळ्याच्या आणि गोव्याच्या रिसॉर्टांमधल्या स्पांमध्ये फेशियलला बसण्याआधी आता एक कागद भरून द्यावा लागतो. त्वचा ओढल्यासारखी वाटते का, दुपारपर्यंत नाक-कपाळ तेलकट होतं का, उन्हात किती वेळ जातो, झोप कशी लागते, कोणता वास आवडतो. त्यावरून थेरपिस्ट मातीचा किंवा पिठाचा आधार निवडते, त्यात एखादा अर्क आणि सुगंधी तेलाचे दोन-चार थेंब घालते आणि ग्राहकाच्या देखत लेप कालवते. निघताना, याच मिश्रणाचं क्रीम डबीत भरून घ्या, असा आग्रह होतो. त्या डबीची किंमत औषधाच्या दुकानातल्या चांगल्या मॉइश्चरायझरच्या कितीतरी पट असते.

या व्यवहारात दोन आश्वासनं एकत्र विकली जातात. माल निसर्गातून आलेला आहे, आणि तो खास तुमच्यासाठी बनवला आहे. दोन्हींचा पुरावा वेगळा आणि धोकाही वेगळा, म्हणून ती सुटी करूनच तपासावी लागतात. माझं मत आधीच नोंदवते. समोर कालवून लगेच वापरलेल्या लेपात खरा गुण आहे. घरी नेलेल्या डबीबद्दल मला काळजी वाटते. आणि 'खास तुमच्यासाठी' या सेवेचा सगळ्यात मोठा उपयोग काय घालायचं यात नाही, काय वगळायचं यात आहे.

माणूस पाहून लेप बदलायचा ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग आणि उद्वर्तन ही कर्मं येतात. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात मुखलेपाची जी चर्चा आहे, ती आजच्या कुठल्याही स्पाच्या माहितीपत्रकापेक्षा बारकाईची आहे. हेतूनुसार लेपाचे तीन प्रकार, दोषानुसार तो कोमट की गार, जाडी अंगुळाच्या चौथ्या, तिसऱ्या की निम्म्या भागाइतकी, सहा ऋतूंचे सहा निरनिराळे लेप. शिवाय एक सूचना आहे, जी मला फार मोलाची वाटते. लेप चेहऱ्यावर वाळू द्यायचा नाही, आणि काढायचा तो ओला करून, नाहीतर कांती बिघडते. मुलतानी मातीचा थर तडकेपर्यंत ग्राहकाला निजवून ठेवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. वाळणारी माती त्वचेवरचं तेल आणि ओल दोन्ही ओढून घेते. तेलकट चेहऱ्याला ते थोडा वेळ बरं वाटतं, कोरड्या चेहऱ्याची मात्र त्याने आगच होते.

घरचं उटणंही याच वळणाचं. काष्ठौषधीच्या दुकानातून गव्हला कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, चंदनाची पूड आणायची, मसुराच्या पिठात मिसळायची आणि घरातल्या माणसांच्या कातडीप्रमाणे कमीजास्त करायची. पूड कोरडीच डब्यात राही. अंघोळीच्या वेळी दुधात किंवा तेलात लागेल तेवढीच कालवायची. कोरड्या पुडीत जंतू वाढत नाहीत, आणि ओलं केलेलं कुणी उद्यासाठी ठेवत नसे. टिकवण्याचा प्रश्न या साध्या शिस्तीनेच सुटला होता. स्पाच्या डबीने तो पुन्हा उभा केला आहे, त्याकडे पुढे येते.

आधुनिक व्यापाराची पाळंमुळं वेगळीकडे आहेत. क्राकोवहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या हेलेना रुबिनस्टाइनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये 'व्हालेझ' नावाचं क्रीम विकायला घेतलं. जाहिरात कार्पेथियन पर्वतातल्या वनस्पतींची होती, क्रीमचा मुख्य आधार मात्र मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन. कोरडी, तेलकट, सामान्य अशी त्वचेची वर्गवारी सलॉनांत रुजवण्यात तिचा वाटा मोठा. पुढे लेस्ली बाउमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्याच वर्गवारीचे १६ प्रकार केले. आपल्याकडे शहनाझ हुसेन यांनी १९७०च्या दशकात दिल्लीत घरातूनच वनौषधींच्या सौंदर्योपचारांना सुरुवात केली, आणि त्याआधी १९५२मध्ये मुंबईत केशव विष्णू पेंढरकरांनी विको उभी केली होती. विकोची हळदीची क्रीम आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून उत्पादनशुल्क खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. औषध आणि प्रसाधन यांच्यातली सीमा किती पुसट आहे हे त्यातून दिसतं. स्पा नेमका त्या सीमेवर बसलेला असतो. बोलताना 'उपचार' म्हणायचं, बिल मात्र सौंदर्यसेवेचं.

आता निसर्गातून आलेल्या मालाकडे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध पदार्थांचा असतो. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं ही त्याची घडण. पृष्ठभाग किंचित आम्ल, सामू साधारण ४.५ ते ५.५. साध्या साबणाचा सामू ९ ते १०. चांगल्या प्रसाधनाकडून पहिली अपेक्षा एवढीच की हा थर मोडू नये आणि आतलं पाणी उडून जाऊ नये. या कसोटीवर काही वनस्पती छान उतरतात. दळलेल्या ओट्सची बारीक पूड खाज आणि कोरडेपणा शमवते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३मध्ये तिला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. टी ट्री तेलावर ऑस्ट्रेलियात १९९०मध्ये १२४ रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ५ टक्के तेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या दोन्हींनी मुरुमं कमी झाली. तेलाचा परिणाम सावकाश दिसला, पण त्रासही कमी झाला.

तेलांच्या बाबतीत 'नैसर्गिक' या एका शिक्क्याखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडतात ते कळतं. प्रौढांच्या त्वचेवर लावून पाहिलेल्या २०१३च्या एका अभ्यासात सूर्यफुलाच्या तेलाने वरचा थर शाबूत ठेवला, ऑलिव्ह तेलाने तो कमकुवत केला. उंदरांवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने थराची दुरुस्ती लांबली. खोबरेल तेलाने फिलिपीन्समधल्या इसब असलेल्या मुलांमध्ये खनिज तेलापेक्षा चांगला गुण दिला, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर तेच खोबरेल त्वचारोगतज्ज्ञ टाळायला सांगतात. म्हणजे तेल निवडण्याला अर्थ आहे. इथे स्पाची प्रश्नावली खरोखर उपयोगी पडू शकते, थेरपिस्टला हा फरक शिकवलेला असेल तर. आणि पाणी उडू न देण्याच्या कामात १८७२मध्ये पेटंट मिळालेल्या व्हॅसलिनची बरोबरी करणारं वनस्पतितेल सापडणं कठीण आहे. ते खनिज तेलातून येतं, स्वस्त आहे, त्याची ॲलर्जी जवळजवळ कुणाला होत नाही. फाटलेल्या टाचांना आणि सोललेल्या ओठांना मी कुणालाही तेच सुचवेन.

बावचीची गोष्ट या सगळ्या वादाचं सार सांगते. बावचीचं बी आपल्याकडे कोडावर वापरलं जातं, काही उटण्यांतही ते पडतं. त्यात सोरालेन असतं, ज्यामुळे उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. त्याच बियांतून शुद्ध करून काढलेलं बाकुचिऑल हे मात्र वेगळं रसायन. २०१९मध्ये ब्रिटनच्या त्वचारोगविषयक नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ४४ जणांना १२ आठवडे बाकुचिऑल किंवा रेटिनॉल लावायला दिलं. सुरकुत्या आणि काळसरपणा दोन्हींनी सारखाच कमी झाला, आणि सोलटणं, चुरचुरणं रेटिनॉलच्या गटात जास्त होतं. एकाच बीमधून गुण आणि धोका दोन्ही येतात, आणि ते वेगळे करण्याचं काम प्रयोगशाळा करते. 'प्रयोगशाळेत न बनलेलं' हे गुणपत्र म्हणून मिरवणाऱ्यांनी बावची आठवावी. लिंबाचंही तसंच. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलेल्यांचे काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. आणि बिब्ब्याने उठलेले फोड ज्याने पाहिले आहेत, त्याला झाडाचं म्हणजे निरुपद्रवी हे कुणी पटवू शकणार नाही.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा वेगळा मांडायला हवा, कारण परदेशी ब्रँडांची पुस्तकं वाचून शिकलेल्या थेरपिस्टला तो कुणी सांगत नाही. गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात, ते १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलं आणि देशभर पसरलं. हवेतून येणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीचं ते आपल्याकडचं मोठं कारण आहे. शेतकऱ्यांच्या, बांधकामावरच्या मजुरांच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या बाजूला ती दिसते. हे गवत ज्या कुळातलं, त्याच कुळात शेवंती आणि कॅमोमाइल येतात. गवताची ॲलर्जी असलेल्याला कॅमोमाइलचा 'शांत करणारा' लेप लावला तर चेहरा सुजून येऊ शकतो. युरोपातल्या स्पाची पाककृती इथे जशीच्या तशी चालत नाही. प्रश्नावलीत 'झोप कशी लागते' याआधी 'गाजर गवताचा त्रास होतो का' हा प्रश्न हवा.

सुगंधी तेलांबाबत ग्राहकाची सर्वांत मोठी गैरसमजूत होते. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. तेव्हा स्वस्त मिश्रणातला गुलाब बहुधा कारखान्यातला असतो, आणि त्यात गैर काही नाही. त्वचेला जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही रसायनं पाकळीतून आली की टाकीतून, हे कळत नाही. दोन्ही युरोपीय संघाच्या सुगंधी ॲलर्जनांच्या यादीत आहेत. ती यादी पूर्वी २६ पदार्थांची होती, २०२३मध्ये ती वाढून सुमारे ८० पदार्थांची झाली, आणि त्यात वनस्पतींची कितीतरी तेलं आहेत. लिमोनिन आणि लिनालूल ताजी असताना फारशी त्रास देत नाहीत. बाटली उघडी राहून हवेशी संयोग झाला की त्यांचे ॲलर्जन तयार होतात. म्हणून काउंटरवरच्या अर्धवट रिकाम्या, उन्हात ठेवलेल्या बाटल्या मला खटकतात. प्रमाणाचा हिशेबही नाजूक आहे. चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का पुरेसं. ३० मिलीच्या बाटलीत एक टक्का म्हणजे जेमतेम सहा थेंब. बर्गामोटचं दाबून काढलेलं तेल तर ०.४ टक्क्यांच्या वर गेलं आणि तो माणूस उन्हात गेला, की त्वचा भाजते. थेंब मोजताना गप्पा मारणं इथे परवडत नाही.

आता डबीचा प्रश्न. पाणी असलेलं कुठलंही क्रीम, लोशन, टोनर जंतूंचं घर होऊ शकतं. स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, कॅन्डिडा हे नेहमीचे पाहुणे. दर वेळी बोट बुडवलं की त्यांना नवी संधी मिळते. कारखान्यातल्या क्रीमची जंतूरोधक चाचणी २८ दिवस चालते. मुद्दाम जंतू सोडून ते मरतात की नाही हे पाहिलं जातं. तापमान बदलून टिकाऊपणा तपासायला तर महिने लागतात. एका ग्राहकासाठी, एकदाच बनवलेल्या डबीची ही चाचणी कोण करणार? सूत्र जितकं खास, तितकं ते कधीही न तपासलेलं. या धंद्यातली ही मूळ अडचण आहे आणि ती चांगल्या हेतूने सुटत नाही.

त्यात 'प्रिझर्व्हेटिव्हमुक्त' हे शब्द डबीवर असले तर धोका वाढतो. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हची कहाणी या संदर्भात पूर्ण सांगितली पाहिजे. २००४मध्ये स्तनाच्या गाठींत पॅराबेन सापडल्याचा एक छोटा अभ्यास आला, भीती पसरली, कंपन्यांनी ते काढून टाकले आणि त्यांच्या जागी मेथिलआयसोथायाझोलिनोन घातलं. परिणाम असा की संपर्काने होणाऱ्या ॲलर्जीची लाटच आली. अमेरिकेतल्या याच विषयाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३मध्ये त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं आणि युरोपीय संघाने लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. त्याच संस्थेने २०१९मध्ये पॅराबेनांना 'ॲलर्जी न करणारा वर्षाचा पदार्थ' म्हटलं. मेथिल आणि इथिल पॅराबेन युरोपात आजही ठरलेल्या मर्यादेत चालतात. ज्या मिश्रणात पाणी आहे, त्यात काहीतरी रक्षक हवाच. नको असेल तर पाणीच नको.

दक्षिण कोरियाने या पेचावर कायद्याने तोडगा काढला आहे. १४ मार्च २०२०पासून तिथे ग्राहकापरत्वे प्रसाधन बनवण्याची स्वतंत्र व्यवस्था लागू आहे. दुकानात सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेला मिश्रणव्यवस्थापक असावा लागतो. परवानाधारक कारखान्यात बनलेला, तपासलेला आधार घ्यायचा, त्यात मोकळीक असलेले घटकच मिसळायचे, जे वापरण्यावर बंधन आहे ते दुकानदाराने स्वतः घालायचे नाहीत, आणि काय, केव्हा, किती मिसळलं याची नोंद ठेवायची. थोडक्यात, खासपणा ठेवायचा पण तो तपासलेल्या पायावर. आपल्याकडे २०२०चे प्रसाधन नियम आहेत, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, लेबलवर बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत, घटक आणि उत्पादकाचा पत्ता लागतो. पण स्पाच्या काउंटरवर मिसळणाऱ्या व्यक्तीसाठी कोरियासारखी वेगळी परीक्षा नाही. ती असायला हवी असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्रात आयटीआय आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांतून सौंदर्यसेवा शिकवणाऱ्या शाळा आहेत. मिश्रणाचा एक नेमका अभ्यासक्रम तिथे बसवणं अवघड नाही.

हे आग्रहाने सांगण्याचं कारण अकोल्यात घडलेली घटना. २०२३च्या सुरुवातीला बातम्या आल्या त्या एकाच कुटुंबातल्या तीन महिलांच्या मूत्रपिंडविकाराच्या. स्थानिक पातळीवर विकत मिळालेली उजळपणाची क्रीम त्या वापरत होत्या आणि तिच्यात पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडविकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जणांनी त्वचा उजळवणारी क्रीम वापरल्याचं सांगितलं. आपल्या नियमांत अनवधानाने राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा, डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून, दहा लाखांत एक भाग एवढीच आहे. पारा मेलॅनिन रोखतो, म्हणून गोरेपणा झपाट्याने दिसतो. स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमनेही तसंच होतं, आणि ती थांबवली की चेहरा लाल होऊन पेटतो. लेबल नसलेल्या डबीतून आठवड्यात उजळपणा आला, तर आनंद मानू नका, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. प्रामाणिक स्पा असं काही करत नाही. पण घरगुती, हातची, खास तुमच्यासाठी, हे शब्द प्रामाणिक आणि अप्रामाणिक दोघेही सारखेच वापरतात, आणि ग्राहकाला दोघांत फरक करायला लेबलखेरीज काही नसतं.

सोन्याचं फेशियल, कोलॅजनचा मास्क यांच्याबद्दल लांबण लावत नाही. ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत, आणि कोलॅजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा. वर बसून तो ओल धरतो, एवढंच.

मग स्पाच्या बाजूने काय उरतं? बरंच. क जीवनसत्त्वाचं शुद्ध रूप पाण्यात आणि हवेत लवकर बिघडतं. कोरडी पूड समोर मिसळून लगेच लावण्याला त्यात खरा फायदा आहे. कोरफडीचा ताजा गर, पानाच्या सालीजवळचा पिवळा चीक नीट काढून टाकला असेल तर, बाटलीतल्या हिरव्या जेलपेक्षा कितीतरी चांगला. ओट्सची पूड, मसुराचं पीठ, माती कोरड्या राहतात आणि लावताना ओल्या होतात, त्यांना रक्षक लागत नाही. शिवाय स्पर्शाचं मोल कमी लेखू नये. तासभर कुणी निगुतीने कपाळ, मान, खांदे चोळतं, फोन दूर असतो, खोलीत मंद उजेड असतो. यामुळे चेहऱ्यावर आलेलं तेज लेपाच्या खात्यावर लिहिलं जातं, तरी ते खोटं नसतं. घर, नोकरी आणि लोकल यांच्यात दमलेल्या बाईला त्या तासासाठी पैसे द्यावेसे वाटले तर मला ते पूर्ण पटतं.

आणि वगळण्याचा मुद्दा. ज्याला सुगंध सोसत नाही, त्याच्यासाठी एकही थेंब न घालता लेप बनवणं हे कारखान्यापेक्षा स्पाला सोपं आहे. गरोदर बाई, इसबाचा रुग्ण, नुकतंच पील केलेली त्वचा, गाजर गवताने हैराण झालेला शेतकरी, यांच्यासाठी दोन-तीन घटकांचा साधा लेप हीच उत्तम सेवा. आजच्या मेन्यूकार्डांवर मात्र १२ वनस्पतींचे लेप महाग आणि तीन वनस्पतींचे स्वस्त असतात. माझ्या मते ही किंमत उलटी हवी. घटक जितके जास्त, तितकी ॲलर्जीची शक्यता जास्त, आणि त्रास झालाच तर कशामुळे झाला हे शोधणं तितकंच कठीण.

स्पात जाणाऱ्यांनी कालवण्याआधी घटकांची नावं विचारावीत, सुगंधी तेल किती थेंब ते डोळ्यांनी पाहावं, आणि नव्या मिश्रणाचा एक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस, दिवसातून दोनदा लावून पाहिल्याशिवाय ते चेहऱ्यावर रोज लावू नये. घरी न्यायचंच असेल तर कोरडी पूड किंवा निव्वळ तेल न्यावं. पाणी असलेली डबी हवीच असेल, तर तिच्यावर बनवल्याची तारीख, मुदत, बॅच आणि परवाना क्रमांक असल्याशिवाय ती पिशवीत टाकू नये. दुकानदार हे द्यायला तयार नसेल तर फेशियलचे पैसे चुकते करून डबी तिथेच ठेवावी.